परमिट

रात्री साडेनऊला वॉर्डात गेले तेव्हा
मुंजाजी ढवळे, वय त्रेपन्न, लाइनमन, गंगाखेड,
खाटेवर मांडी घालून
वरच्या पंख्याचा आवाज ऐकत होते.
"कंडेन्सर गेलाय," म्हणाले.

मी उद्याचं सांगायला बसले.
छातीच्या खालून बेंबीच्या पार पुढे चीर,
आतड्याचा हातभर तुकडा गाठीसकट बाहेर,
चार तास, कदाचित पाच.
झोप देणं सोपं. अवघड ते उठल्यानंतरचं.

मग पर्याय, अंबाजोगाईत रोज कुणाला तरी सांगते तसे:
पाठीतून एकच सुई, मॉर्फिनचा इवलासा डोस,
दिवसभर पुरतो, अंगाला खाज सुटते, मग संपतो.
किंवा पाठीत दोऱ्याएवढी नळी,
तीन-चार दिवस राहू द्यायची, औषध ठिबकत राहतं.
किंवा नुसतं शिरेतून, हातात बटण,
दुखलं की दाबायचं. पण गुंगी येते,
खोकायचं राहून जातं आणि छाती भरते.
धोकेही सांगितले. बीपी उतरतं. डोकं धरतं कधी.
फार क्वचित, हजारोंत एखाद्याचे पाय…
सागरबाईंनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं.

मुंजाजी म्हणाले,
"म्हंजी मेन चालूच ऱ्हाणार,
पोटाचा फीडर तेवढा बंद."
हो, म्हटलं.
"मंग परमिट कुणाच्या हाती?"

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं:
खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनला कळवायचं.
तिथला माणूस लाइन पाडतो, वहीत लिहितो.
वर गेलेला खाली उतरून स्वतः सांगेपर्यंत
स्विचला हात लावायचा नाही.
साहेब सांगू दे, नाहीतर सायबाचा बाप.
"मपला हेल्पर व्हता, लिंबाजी. परमिट घेतलं व्हतं.
शिफ्ट बदलली. नव्या गड्यानं वही नाई पाह्यली."
एवढंच.
पंखा कुरकुरत राहिला.
"वहीपाशी कोण बसणार तेवढं सांगा.
सुई कोन्तीबी टोचा."

मी, म्हटलं. आणि नळी ठरली.

सकाळी टेबलावर बसवलं, हनुवटी छातीला.
ज्वारीचं पोतं पाठीवर घेताना वाकता तसे वाका.
शबाना सिस्टरनं खांदे धरले.
कमरेला सेफ्टी बेल्टचा काळपट वळ, वर्षानुवर्षांचा.
तिथून वर मी मणके मोजत गेले.
सुई आत, सिरिंजवर अंगठा,
कडक, कडक, अजून कडक,
आणि एकदम समोर कुणीच नाही.
वीस वर्षं झाली, त्या पोकळीपाशी
माझा श्वास अजून थांबतो.

दुसऱ्या रात्री तीनला फोन.
क्वार्टरवरून गेले ते वेगवेगळ्या चपला घालून.
मुंजाजी घामेजलेले, डाव्या बरगडीखाली हात.
"म्याडम, एक फेज गेलाय."
बर्फ लावून पाहिला. उजवीकडे काही नाही,
डावीकडे थंडगार, दचकण्याइतका.
नळी एका अंगाला सरकली होती.
सेंटिमीटरभर मागे घेतली, त्यांना डाव्या कुशीवर वळवलं,
औषध दिलं, दर पाच मिनिटांनी बीपी.
वीस मिनिटांनी म्हटलं, खोका.
पोटाशी उशी धरून खोकले. पुन्हा खोकले.
"आला," म्हणाले.

निघताना फाइल उघडली.
लाल पेननं, सकाळच्या शिफ्टला दिसेल एवढ्या अक्षरात लिहिलं:
पाठीत नळी आहे.
रक्त पातळ करायचं इंजेक्शन मला विचारल्याशिवाय देऊ नये.
खाली नाव, नंबर, वेळ.
मग तेच शबानाला तोंडीही सांगितलं.
कुशीवरून ते बघत होते.

चौथ्या दिवशी नळी काढली.
टोक शाबूत आहे, त्यांना दाखवलं.
"परमिट वापस," म्हणाले. फाइल मागून घेतली,
जिथं पेशंटची सही लागत नाही तिथं केली, वेळेसकट.

संध्याकाळच्या राउंडला विचारलं, दुखतंय?
"दुखतंय ना. लाइन आली."
मग वर बघत,
"त्या कंडेन्सरचं हितं कुणाला सांगावं लागतं?"